गोंदणाचा रकाना

“ही तर आमची गंगूमामी,” लता म्हणाली आणि हातातला कागद मांडीवर ठेवून हसायला लागली. “डाव्या मनगटावर तुळस, खाली वृंदावन नाही. दुसरी कोण असणार? सुया टोचायला लागल्यावर मामी अर्ध्यातच उठून पळाली, म्हणून तुळस तशीच अधांतरी राहिली. अख्ख्या करंजओढ्याला ठाऊक आहे.”

संगणकासमोर बसलेली अफरोज खुर्चीतल्या खुर्चीत वळली. “खरंच पळाली?”

“पार ओढ्यापर्यंत. मागनं गोंदणारी, सुई घेऊन.”

मीही हसले. २००६ सालचा एप्रिल महिना होता. तालुक्याच्या गावातलं आमचं आरोग्य-संशोधन केंद्र महिनाअखेर बंद व्हायचं होतं. भिंतींवरचे तक्ते उतरले होते, कपाटं अर्धी रिकामी झाली होती. रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीची घरघर आमच्या कानांना इतकी सवयीची होती, की ती ऐकूही येत नसे. कोपऱ्यातला प्रिंटर एकेक कागद बाहेर सारत होता आणि लता तो उचलून वाचत होती. वाचून करायचं एवढंच होतं, की जुन्या संगणकातली मराठी अक्षरं नव्यात नीट उमटली आहेत की नाहीत, ते बघायचं. लता आमच्याकडे बाळांच्या लसींच्या नोंदी ठेवायची. तिची नजर चांगली होती.

“आणि ही बघा. दोन्ही पोटऱ्यांवर मोर. सुंदरामावशी. मोर लोकांना दिसावेत म्हणून भर उन्हाळ्यातसुद्धा लुगडं वर खोचून चालायची.” लतानं बोट पुढच्या रकान्यांवरून सरकवलं आणि तिचं हसू कमी होत गेलं. “बाळंतपणं आठ? मावशीला तर सातच मुलं. आणि हे पहिलं... हे लग्नाच्या आधीचं साल आहे, बाई. चुकून पडलं का?”

चुकून पडलेलं नव्हतं. ते साल माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, सत्तावीस वर्षांपूर्वी, सुंदराच्या परसात, गवऱ्यांच्या उडवीमागे बसून.

“असेल काहीतरी,” लता म्हणाली आणि तिनं तो कागद पालथा ठेवला. “आमच्या आईचं कुठाय? उजव्या हातावर विंचू, तोही नांगी खाली. तसला पंचक्रोशीत एकच आहे.”

कागद गोंदणांच्या नावांच्या क्रमानं छापले जात होते. ठिपके झाले होते, तुळस झाली होती, मोर संपत आले होते. विंचू यायला फार वेळ नव्हता.

“अफरोज,” मी म्हणाले. “थांबव.”

अफरोजनं माझ्याकडे पाहिलं. काय झालं, का, असं तिनं काहीच विचारलं नाही. ती उठली, चपला न घालता ओसरीवर, विजेच्या मीटरपाशी गेली. खट्ट असा आवाज आला. पंखा मंदावत थांबला, दिवा गेला, संगणकाखालचा बॅटरीचा डबा टीं टीं करायला लागला, आणि प्रिंटर अर्धा कागद तोंडात धरून गप्प झाला.

“गेली का?” लतानं वर पंख्याकडे पाहिलं. “आज लवकर गेली. साडेबाराला जाते ना?”

“भारनियमनाचा काय भरवसा,” अफरोज आत येत म्हणाली. “लताताई, तुम्ही जेवून या. आता दोन तास काही होत नाही.”

लतानं डबा उचलला. दाराशी ती जराशी थांबली, रस्त्याकडे पाहिलं, मग चपला घालून निघून गेली.

अफरोजनं प्रिंटरमधला अर्धवट कागद हलकेच ओढून काढला. वाचता येतील अशा चार ओळी छापून झाल्या होत्या. तिनं त्या न बघता कागदाची चौपदरी घडी केली आणि माझ्या हातात दिली.

“वाचला नाहीस?”

“काकू, तुमचं तोंड बघूनच कळलं, तो माझ्यासाठी नाही.”

आता मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. अलीकडे चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण त्या घडीचा कागद बोटांना कसा ऊन लागला होता, ते आठवतं.

इथे थोडं मागे जायला हवं. आणि हेही सांगायला हवं, की या गोष्टीतली नावं खरी नाहीत. गावाचं नाव, गोंदणांची नक्षी, नातीगोती, सगळं मी बदललं आहे. तसं करायला मला अफरोजनंच शिकवलं.

१९७८ साली डॉक्टर निरगुड्यांनी अकरा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. बाईला किती वेळा दिवस गेले, किती मुलं जगली, किती गेली, कशानं गेली. मी तेव्हा तीस वर्षांची नर्स होते. डॉक्टरांची सक्त ताकीद होती, की नाव लिहायचं नाही, आकडा द्यायचा. पण आकडा कुणाच्या लक्षात राहीना. चिठ्ठी लिहून दिली, तर ती नवऱ्याच्या हाती पडे. दर चार महिन्यांनी त्याच बाईला पुन्हा विचारायचं, आणि ती तीच आहे हे ओळखायचं कसं?

मग मला सुचलं. या बायकांच्या अंगावर गोंदण असतं. नावाच्या जागी मी ते लिहायला लागले. प्रत्येक नक्षीला एक आकडा, आणि कोणत्या आकड्याची कोणती नक्षी ते एका कापडी पुठ्ठ्याच्या वहीत. डॉक्टर म्हणाले, “शेटेबाई, हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.” त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं पायपीट केली. पुढे सगळं संगणकात गेलं तेव्हाही तिथे फक्त आकडे गेले. वही माझ्या कपाटात, कुलपात राहिली. चौदाशे बारा बायका, आणि कुठेही एक नाव नाही. मला त्याचा अभिमान होता.

त्या चौदाशे बारांपैकी एक सोनाबाई. लताची आई.

गावाला माहीत होतं ते असं, की १९७४च्या उन्हाळ्यात सोनाबाई बाळंतपणाला माहेरी गेली, सोबतीला तिची विधवा जाऊ अनुसया गेली, आणि सहा महिन्यांनी दोघी लताला घेऊन परत आल्या. चार वर्षांनी मी माझे कागद घेऊन तिच्यापुढे बसले. बाळंतपणं किती, असं विचारलं, तर तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “लिवा, येक बी न्हाई.”

मी लेखणी थांबवली.

“खरं लिवायचंय ना? मंग त्येच खरं हाय. आनुसयाच्या कागदावर येक जास्त लिवा.” मग तिनं माझा हात ओढून आपल्या उजव्या हातावर, त्या विंचवावर दाबून धरला. “आता आन घ्या. माजं नाव कुनाला कळू द्यायचं न्हाई. लतीला तर मरस्तोवर न्हाई.”

मी शपथ घेतली होती. विंचवावर हात ठेवून शपथ घेतली, आणि घरी येऊन कागदावर तोच विंचू लिहून ठेवला. अनुसया पाच वर्षांनी वारली. सोनाबाई आणि मी, एवढ्या दोघीच उरलो.

डॉक्टर गेले, केंद्राचा ट्रस्ट मोडायला आला, तेव्हा पुण्याच्या एका संस्थेनं अठ्ठावीस वर्षांची ही माहिती जपून ठेवायची तयारी दाखवली. अट एकच होती. तीस एप्रिलपर्यंत ती नीट बांधून, कुलूपबंद होऊन त्यांच्याकडे पोचली पाहिजे. नाही पोचली, तर कपाटांबरोबर सगळं रद्दीत. त्या कामासाठी त्यांनी अफरोज तांबोळीला पाठवलं. कऱ्हाडची, सत्तावीस वर्षांची, केसांना कायम पेन खोचलेलं. पहिल्या दिवसापासून मला काकू म्हणायची.

तिनं संगणकावर चार प्रोग्रॅम बसवले आणि मला समजेल असं एकेकाचं काम सांगितलं. पहिला जुन्या संगणकातून माहिती बाहेर काढायचा. दुसरा मोजून बघायचा, की आत चौदाशे बारा होत्या तर बाहेरही तेवढ्याच आल्या ना. तिसरा गाळणी. घरनंबर, वाडी, तारखा, जे जे माणसाकडे बोट दाखवेल ते गाळून टाकायचं. चौथा सगळं एका पेटीत भरून कुलूप लावायचा आणि पेटीवर आकड्यांची लांबलचक मोहोर उठवायचा. वाटेत कुणी एक अक्षर जरी हलवलं, तरी मोहोर जुळणार नाही.

“या एका रकान्यात नुसते आकडे आहेत,” तिनं तिसऱ्या दिवशी विचारलं होतं. “हे काय?”

“ती आमची खूण. नावाच्या जागी.”

“म्हणजे नाव नाहीच. छान. पण पुण्यातल्या लोकांना या आकड्यांचा अर्थ कळायचा नाही. शब्द घालूया का?”

मी कौतुकानं वही काढून आणली. दोन संध्याकाळी मी सांगत गेले आणि ती टंकत गेली. तुळस, कमळ, मोर, पाळणा, विंचू. कोणत्या हातावर, किती ठिपके, काय मोडलेलं, काय उलटं. बाकी सगळं गाळणीतून गाळलं आणि गोंदण तेवढं आम्ही दोघींनी हौसेनं शब्दांत मांडलं.

“आमच्या घरात कुणी गोंदत नाही, काकू,” त्या दुपारी बंद पंख्याखाली बसून अफरोज म्हणाली. “मला वाटलं, सगळ्यांची नक्षी सारखीच असते. बांगड्यांसारखी.”

“तुला माहीत नव्हतं. मला तर माहीत होतं. नदीत वाहून आलेली बाईसुद्धा लोक गोंदणावरून ओळखतात. मीच ओळखली होती एकदा.”

ती बराच वेळ नखानं टेबलावरचा डाग खरवडत होती. मग म्हणाली, “रकाना मी काढून टाकते. सगळं पहिल्यापासून करावं लागेल, पेटी, मोहोर, सगळंच. पण अजून एक अडचण आहे. पुण्याला ही खूण हवी आहे. पुढे कधी याच बायकांना पुन्हा भेटायचं झालं, तर कोणती ओळ कुणाची ते कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. गोंदण वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात ठेवता येईल. किंवा पुसून टाकता येईल, कायमचं. ते मी नाही ठरवू शकत.”

“मग मी ठरवते. पूस.”

“तुम्हीही नाही, काकू. तुम्ही शब्द कुणाला दिला होतात?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही करंजओढ्याला गेलो. लता केंद्रातच होती, तिला लसींच्या याद्या पूर्ण करायला बसवलं होतं.

सोनाबाई दारात बसून शेंगा फोडत होती. माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा ताठ.

“या, नर्सबाई. ही कोन, सून?”

“सून नाही. संगणकाचं काम करते. कऱ्हाडची आहे.”

“सून आसती तर बरं झालं आसतं. हाडानं दनकट हाय.”

“माझी आईपण हेच म्हणते, आजी,” अफरोज खाली बसत म्हणाली. “फक्त ती कपाळाला हात लावून म्हणते.”

सोनाबाईनं तिच्यापुढे मूठभर शेंगदाणे टाकले. मी मात्र ते उचलले नाहीत. म्हटलं, “सोनाबाई, माझ्याकडून मोठी चूक झाली.” आणि सगळं सांगितलं. वही, आकडे, रकाना, लता वाचायला बसली ते. सोनाबाईची बोटं शेंगा फोडत राहिली.

“नाव न्हाई लिवलं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“आन् गोंदण लिवलं.”

“हो.”

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते तिनं पदरानं टिपलं.

“आवं नर्सबाई, त्यापरीस नाव लिवायचं. सोनाबाई या वाडीत पाच हायती. ह्यो इच्चू येकच हाय.”

अफरोजनं तोंडावर ओढणी धरली. मलाही हसू फुटलं. असं हसू मला नंतर कधी आलं नाही, कारण त्यात माझी अठ्ठावीस वर्षांची शहाणीव निघून चालली होती.

मग सोनाबाई थांबली. “लतीनं वाचलं?”

“नाही. त्याच्या आधी वीज गेली.”

अफरोज खाली पायांच्या बोटांकडे पाहायला लागली. सोनाबाईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“वीज गेली,” ती सावकाश म्हणाली. “बरी गेली.”

“तुझा कागद मी फाडून टाकते,” मी म्हणाले. “तुझाही आणि अनुसयाचाही. चौदाशे बाराच्या चौदाशे दहा झाल्या तर काही बिघडत नाही.”

“आन् त्ये कशापायी?” तिनं सूप बाजूला सारलं. “म्या खोटं सांगितलं व्हतं का? माज्यावर जे आलं, आनुसयावर आलं, त्ये शंभर जनांस्नी सांगा. आजून कुनावर तसं आलं आसंल, तर तिला कळंल तरी, आपुन येकलीच न्हाई. फकस्त मी म्हून सांगू नगा.”

अफरोजनं तिला दुसऱ्या पेटीचं समजावलं. गोंदण वेगळं ठेवू, किल्ली दोघांकडे, दोघं मिळूनच उघडू शकतील.

“कशाला उघडत्याल?”

“पुढे तुम्हाला काही विचारायचं झालं तर.”

“मी हाय तवर येऊन इचारा की. घर हितंच हाय. आन् किल्ली हाय म्हंजी कोन ना कोन उघडनारच, पोरी.” तिनं आपला उजवा हात पुढे केला. काळपट हिरवा विंचू, सुरकुत्यांत थोडा आक्रसलेला, नांगी खाली. “बाकी समदं हितं ऱ्हातं. ह्यो तेवढा माज्यासंगं येनार हाय. तिथं तुमचं कुलूप कशाला?”

उठता उठता तिनं मला विचारलं, “आन् ती वही?”

“कोणती?”

“तुमची. कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात बी बसलाय की ह्यो.”

वही आम्ही दोघीही विसरलो होतो. अफरोजनं डोक्यातलं पेन काढलं आणि हातावर लिहून घेतलं.

मग चार दिवस. वीज दिवसातून नऊ तास जायची. ती असेल तेवढ्या वेळात अफरोज काम करायची, नसेल तेव्हा कागदावर पुढचं लिहून काढायची. पुण्याच्या साहेबांना तिनं कळवलं, की प्रोग्रॅम बसवताना आपली चूक झाली, पेटीला ठरल्यापेक्षा दोन दिवस उशीर होईल. आणि खूण मिळणार नाही, कारण बायकांना दिलेला शब्द तसा होता. साहेब फोनवर बराच वेळ बोलत होते. ती उभी राहून ऐकत होती.

“चूक माझी होती,” फोन ठेवल्यावर मी म्हणाले. “तू अंगावर कशाला घेतलीस?”

“वही तुम्ही माझ्या सांगण्यावरून उघडलीत.”

रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. तिनं घरी कळवलं, जमणार नाही. मला फार वाईट वाटलं.

“वाईट कसलं, काकू? गेल्या खेपेला निमित्त शोधताना मला ताप आणावा लागला होता.”

शनिवारी तिनं करंजओढ्याचे नवे कागद माझ्यापुढे ठेवले. “आता तुम्ही चोर व्हा. यातून कुणी ओळखू येतं का, शोधा. तुम्हाला नाही सापडलं, तर कुणालाच नाही सापडणार.”

मी चोर झाले. तासाभरात दोघी पकडल्या. अकरा बाळंतपणांची त्या गावात एकच होती, आणि तिळ्यांची आई एकच. अफरोजनं अकराचे ‘आठ किंवा जास्त’ केले, तिळ्यांची वेगळी नोंद काढून टाकली. पुन्हा कागद, पुन्हा चोरी. असं तीनदा. शेवटी मी सोनाबाईला शोधायला बसले. बाळंतपणांच्या रकान्यात शून्य असलेल्या नऊ ओळी त्या एका गावात होत्या. मी त्या वरून खाली वाचल्या, खालून वर वाचल्या. त्यातली सोनाबाई कोणती, मला सांगता येईना. जिच्या हातावर हात ठेवून मी शपथ घेतली होती, ती मला सापडेना.

“मिळाली?” अफरोजनं विचारलं.

“नाही.”

“मग कुलूप लावते.”

एकोणतीस तारखेला पेटी पुण्याला पोचली. मोहोर जुळली. अफरोजनं जुन्या संगणकातली तबकडी तीनदा पुसली आणि वर खिळा ठोकून मला दाखवली. गोंदणं छापलेले कागद, त्या चौपदरी घडीसकट, आम्ही जाळले आणि वही मी करंजओढ्याला नेऊन दिली. सोनाबाईनं तिची पानं फाडून घमेल्यात भिजत घातली, मेथ्या वाटून त्यात मळल्या आणि पाटीवर थापून त्या लगद्याची टोपली केली. आमच्याकडच्या बायका जुन्या कागदांची तशी टोपली करत.

सोनाबाई २०१८ सालच्या थंडीत गेली. मी अकराव्या दिवशी भेटायला गेले. लता आईच्याच घरी होती, पाहुणे पांगले होते. आम्ही दोघी दारात बसलो. ती आईसारखीच शेंगा फोडत होती, आणि दाणे त्याच टोपलीत टाकत होती.

“बाई, एक बोलू?”

“बोल की.”

“त्या दिवशी वीज गेली नव्हती.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“तो अफरोजताईंचा प्रिंटर बंद पडला, त्या दिवशी. मी दारात आले तर समोरची गिरणी चालू होती. बाया दळण घेऊन रांगेत उभ्या होत्या.”

“बारा वर्षं बोलली नाहीस.”

“बोलले असते तर तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं. तुम्हाला ते जमत नाही. तुमच्या तोंडावर सगळं दिसतं.” तिनं एक शेंग उगाचच हातात फिरवली. “आता आई नाही, म्हणून विचारते. आईचा कागद कुठला होता?”

मी टोपलीकडे पाहिलं. मेथीनं ती पिवळसर झाली होती. कुठे एखादं निळं अक्षर विरघळून राहिलं असेल तर तेवढंच.

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही, लता. पुण्याला नाही, इथे नाही. मलाही नाही.”

“म्हणजे कुणी कितीही शोधला, तरी?”

“कितीही शोधला तरी.”

लतानं हातातली शेंग फोडली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आईला शेवटची आंघोळ घालताना बाया म्हणत होत्या, विंचू बघा कसा कालच गोंदल्यासारखा दिसतोय. मी म्हटलं, ने आई, सगळं घेऊन जा आता.”

तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. निघताना तिनं ओंजळभर दाणे माझ्या पिशवीत घातले.

घरी आल्यावर मी अफरोजला फोन लावला. ती आता हैदराबादला असते, दोन मुलांची आई. तिला गिरणीचं सांगितलं.

“गिरणी,” ती म्हणाली. “काकू, मी पंखा बंद केला, दिवा बंद केला, सगळं बंद केलं. गिरणी माझ्या लक्षातच आली नाही.”

“माझ्या तरी कुठे आली होती?”

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, “पण काकू, त्या परत आल्या होत्या ना, जेवून? तेव्हा काही म्हणाल्या का?”

आणि मला ते आठवलं. दोनच्या सुमारास लता परत आली होती. आम्ही दोघी आत बोलत बसलो होतो, कागद टेबलावर तसेच पसरलेले होते. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून तिनं विचारलं होतं, “आली का वीज? का मी अजून थोडा वेळ बाहेरच बसू?”